बाहेरून डिग्री करायचीय : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात याच पानावर मी मुक्त विद्यापीठाबद्दल थोडंसं लिहिलं होतं, एवढंच की ज्यांचं कॉलेज लग्नामुळे नाहीतर नोकरीमुळे अर्धवट राहिलं त्यांनी बाहेरून डिग्री करायचा विचार जरूर करावा, तर त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आले की आठवडाभर तेच वाचत बसले होते. सगळ्यांना उत्तर देता येणार नाही, सारखे प्रश्न एकत्र करून पाच निवडलेत. मी तालुक्याच्या गावातल्या एका अभ्यासकेंद्रावर बारा वर्षं समंत्रक, म्हणजे शिकवणारी मार्गदर्शक होते, रविवारी संपर्क सत्र घ्यायची, गृहपाठ तपासायची, परीक्षेला सुपरव्हिजन करायची, त्यामुळे जे लिहितेय ते समोर बसलेल्या विद्यार्थ्यांकडे बघून कळलेलं आहे.

मॅडम, मी बारावी झाल्यावर आयटीआय फिटर केलंय, वय २४, चाकणला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे. आमच्या रूमजवळ एक ऑफिस आहे, ते म्हणतात काम करता करता एका वर्षात बीटेक करून देतो, वन सिटिंग, मागच्या वर्षांचं ऍडमिशन दाखवून. मी १८ हजार भरलेत, अजून ४० मागतायत. भरू का?
– एक वाचक, चाकण

नको भरूस बाळा. एक रुपयासुद्धा आता नको. तुझं पत्र मी सगळ्यात आधी घेतलंय कारण बाकीच्यांना उशिरा उत्तर मिळालं तरी चालेल, तुझे मात्र पैसे जातील.

नीट ऐक. डिस्टन्सने किंवा ऑनलाइन बीटेक हा प्रकार नियमात बसतच नाही. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०२० चे नियम आहेत, त्यात इंजिनिअरिंग, मेडिकल, नर्सिंग, फार्मसी, वकिली असे बरेच कोर्स या पद्धतीने शिकवायला सरळ मनाई आहे, कारण हाताने करून शिकायची ही कामं, घरी बसून पुस्तकं वाचून होत नाहीत. आणि तीन-चार वर्षांची डिग्री मागच्या तारखेचं ऍडमिशन दाखवून एका वर्षात, याला वन सिटिंग म्हण नाहीतर काहीही म्हण, ती खोटी डिग्रीच. ऑफिसात काचेचं टेबल आहे, भिंतीवर फ्रेम लावल्यात म्हणून ती खरी होत नाही.

तुला वाटेल, मित्राने घेतली, त्याला काही झालं नाही. मग हे वाच. २००१ नंतर काही अभिमत (डीम्ड) विद्यापीठांनी परवानगी नसताना डिस्टन्सने इंजिनिअरिंगच्या डिग्र्या दिल्या, आणि ती विद्यापीठं खरी होती बरं का, ऑफिसातली नव्हती. केस सुप्रीम कोर्टात गेली, नोव्हेंबर २०१७ मध्ये निकाल लागला. २००१ ते २००५ या काळात ऍडमिशन घेतलेल्यांच्या डिग्र्या स्थगित झाल्या आणि त्यांना सांगितलं गेलं की परत परीक्षा द्या, पास झालात तरच डिग्री राहील, आणि त्यानंतरच्या बॅचच्या डिग्र्या तर रद्दच केल्या. तोपर्यंत ही माणसं नोकरीत स्थिर झाली होती, कुणाला प्रमोशन मिळालेलं, घरी पोरंबाळं, आणि पंधरा वर्षांनी अशी नोटीस. त्यांनी निदान पुस्तकं तरी उघडली होती रे. तुला तर पुस्तकसुद्धा देणार नाहीत.

आता काय करायचं. भरलेल्या पैशांची पावती, यूपीआयचे स्क्रीनशॉट, त्यांचे मेसेज, कॉल रेकॉर्डिंग असेल तर तेही, सगळं एका जागी ठेव. पैसे लेखी परत माग. नाही दिले तर पोलीस स्टेशनला तक्रार अर्ज दे, लाजू नकोस, तू गुन्हा केलेला नाहीस, तू फसलायस. त्यांनी सर्टिफिकेट हातात दिलंच तर ते कंपनीत अजिबात दाखवू नकोस, कारण ते दाखवलं की मग गुन्हा तुझ्यावर येतो. हल्ली पर्मनंट करताना कंपन्या विद्यापीठाकडून कागद तपासून घेतात.

आणि इंजिनिअरिंगकडे जायचंच असेल तर रस्ता आहे की. आयटीआयवाल्यांना डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला ऍडमिशन मिळतं, ते तंत्रशिक्षण विभागाच्या प्रवेश प्रक्रियेतूनच, आणि दोन वर्षांत डिप्लोमा हातात येतो. नोकरी सोडणं जमणार नसेल तर कामगारांसाठी संध्याकाळचे वर्ग चालवणारं मान्यताप्राप्त कॉलेज जवळपास आहे का ते बघ. तेही नाही जमलं तर बीकॉम नाहीतर बीए मुक्त विद्यापीठातून कर, ती खरी डिग्री असेल, स्टोअरला किंवा क्वालिटीच्या पेपरवर्कला जाताना तिचा उपयोग होईल, आणि सरकारी भरतीत जिथे कुठल्याही शाखेची पदवी चालते तिथे ती चालते. तुझ्यासारख्या रोज आठ-आठ तास मशीनवर उभं राहून पैसे साठवणाऱ्या मुलांनाच हे लोक धरतात, याचा मला खरंच फार राग येतो.

खरं-खोटं ओळखायचं कसं, हे बाकीच्यांनीही वाचावं. यूजीसीचा दूरस्थ शिक्षणाचा वेगळा विभाग आहे, डीईबी म्हणतात त्याला, त्यांच्या वेबसाइटवर कुठल्या विद्यापीठाला कुठल्या सत्रासाठी कुठल्या कोर्सची परवानगी आहे त्याची यादी असते. नुसतं विद्यापीठाचं नाव बघून थांबू नका, कोर्सचं नाव आणि वर्ष पण बघा, कारण विद्यापीठ खरं असतं पण त्या कोर्सला परवानगी नसते असंही होतं. बनावट विद्यापीठांची यादीसुद्धा यूजीसी काढतं, त्यात आपल्या नागपूरचंही एक नाव वर्षानुवर्षं आहे. फी विद्यापीठाच्या स्वतःच्या पोर्टलवरच भरायची, कुणाच्या पर्सनल नंबरवर नाही. आणि २०२४ पासून ऍडमिशनच्या आधी प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो, त्याआधी डिजिलॉकरमधून एबीसी आयडी, म्हणजे आपल्या शिक्षणाच्या क्रेडिटच्या खात्याचा नंबर. हा आयडी स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या हाताने काढा. जो म्हणेल आयडी-बियडी काही लागत नाही, तिथून चपला घालून सरळ बाहेर पडायचं.

मी सैन्यात आहे, मूळचा सातारा जिल्ह्यातला. बदल्या होत राहतात. रिटायर व्हायच्या आधी बीए पूर्ण करायचंय. अभ्यासकेंद्र एका जागी आणि मी दुसऱ्या जागी, कसं जमणार?
– एक जवान

दादा, तुमच्यासाठी इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, बरं पडेल. १९८५ साली सुरू झालेलं केंद्राचं विद्यापीठ, देशभर त्याची केंद्रं आहेत, आणि परीक्षेचा फॉर्म भरताना आपण असू तिथलं परीक्षा केंद्र निवडता येतं. ऍडमिशन वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै सत्राला, परीक्षा जून आणि डिसेंबरला. बीए कमीत कमी तीन वर्षांत होतं आणि जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात, म्हणजे एखादं वर्ष पोस्टिंग अवघड ठिकाणी पडलं, नेटवर्कच नाही, तरी डिग्री हातची जात नाही. पुस्तकं ई-ज्ञानकोश या इग्नूच्याच वेबसाइटवर फुकट आहेत, रेंज असेल तेव्हा डाउनलोड करून ठेवा.

दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात तेवढं सांगते. एक म्हणजे असाइनमेंट, त्याला ३० टक्के वजन आणि लेखी परीक्षेला ७०, पण दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागतं, त्यामुळे परीक्षेत कितीही चांगले मार्क पडले तरी असाइनमेंट दिली नसेल तर तो विषय तसाच लटकून राहतो. दुसरं म्हणजे री-रजिस्ट्रेशन. पहिल्या वर्षाचा निकाल लागायची वाट बघायची नसते, निकाल काहीही असो पुढच्या वर्षाची नोंदणी वेळेत करायची असते. बरेच जण निकालाची वाट बघत बसतात आणि एक अख्खं सत्र जातं. तारखा मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा, आणि घरी वहिनींनाही सांगून ठेवा, तुम्ही ड्यूटीवर असाल तेव्हा त्या आठवण करतील.

मुलाला बारावीला कमी मार्क पडले, सीईटी पण गेली. आता म्हणतो ऑनलाइन बीसीए करतो, घरूनच. जाहिराती खूप येतात. डिग्रीवर ऑनलाइन असं लिहून येतं का आणि मग नोकरीत कमी धरतात का?
– एक आई, लातूर

लिहून येतं. डिग्रीच्या आणि मार्कशीटच्या मागच्या बाजूला शिक्षणाची पद्धत, प्रवेशाची तारीख, पूर्ण झाल्याची तारीख हे छापायचं असा नियमच आहे. पण त्यात लपवण्यासारखं काही नाही, कारण त्याच नियमांत हेही आहे की परवानगी असलेल्या विद्यापीठाची दूरस्थ किंवा ऑनलाइन डिग्री ही कॉलेजात जाऊन केलेल्या डिग्रीच्या बरोबरीची आहे, आणि २०२२ मध्ये यूजीसीने परत एकदा पत्रक काढून तेच सांगितलंय. यूपीएससी, एमपीएससीला अशी पदवी चालते. प्रायव्हेट कंपनीचं म्हणाल तर ती डिग्री बघते आणि मग समोर बसवून काम करायला लावते, तिथे येत असेल तर येतं, नाहीतर कॉलेजची डिग्री असूनही बाहेरचा रस्ता दाखवतात.

पण ताई, तुम्ही विचारलेलं नाही ते पण सांगते, रागावू नका. अठरा वर्षांच्या मुलाला जवळपास कॉलेज असेल आणि घरची अगदीच अडचण नसेल तर मी कॉलेजलाच पाठवीन. बाहेरून शिकायला स्वतःला बसवावं लागतं, आणि ज्याचा अजून सीईटीचा धक्का ओसरलेला नाही त्याला चार भिंतींत लॅपटॉपसमोर बसवलं तर तो अभ्यास करतोय की मोबाइल बघतोय हे तुम्हाला बाहेरून कळणार नाही. कॉलेजात निदान मित्र असतात, लायब्ररी असते, कुणीतरी सर विचारतात कुठे होतास म्हणून. शिवाय २०२२ पासून एकाच वेळी दोन डिग्र्या करायला परवानगी आहे, एक कॉलेजला जाऊन आणि दुसरी दूरस्थ किंवा ऑनलाइन, तेव्हा लातुरात साधं बीएस्सी किंवा बीकॉम घेऊन बरोबर ऑनलाइन बीसीए करणंही शक्य आहे. एकदा त्याच्याशी बसून बोला, जाहिरातीतला तो हसरा मुलगा बाजूला ठेवून.

मला समुपदेशक व्हायचंय. नोकरी करत डिस्टन्सने एमए सायकॉलॉजी कुठून करू?
– एक वाचक, पनवेल

आता कुठूनच नाही. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्र आणि आरोग्याशी संबंधित विषय, त्यात आहारशास्त्र, मायक्रोबायोलॉजीसुद्धा, दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवणं बंद केलंय. बंदी नव्या प्रवेशांवर आहे, ज्यांनी आधीच ऍडमिशन घेतलंय त्यांनी घाबरून मध्येच सोडू नका. वाईट वाटलं असेल तुम्हाला, पण मला हा निर्णय पटतो. समोर रडणाऱ्या माणसाशी काय बोलायचं आणि काय नाही ते कुणाच्या तरी हाताखाली बसूनच शिकता येतं. कॉलेजात जाऊन करा, दोन वर्षं थांबावं लागलं तरी चालेल. तोवर कुणी फोन करून डिस्टन्स सायकॉलॉजीची सीट शिल्लक आहे म्हणालं तर वरचं पहिलं उत्तर परत वाचा.

मी अंगणवाडी मदतनीस आहे, सांगली जिल्हा, वय ३८. बारावी २००५ ला झाली आणि लगेच लग्न. दोन मुलं, मोठी आता दहावीला. मला बीए करायचंय. मिस्टरांची ना नाही पण सासूबाई म्हणतात आता शिकून काय दिवे लावणार. वीस वर्षांनी डोक्यात शिरेल का? वेळ कसा काढू? आणि बारावीच्या मार्कलिस्टवर माहेरचं नाव आहे.
– एक वाचक भगिनी

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. माझ्या वर्गात निम्म्या बाया तुमच्यासारख्याच असायच्या.

आधी कागदाचं बोलते, कारण अभ्यासापेक्षा बायका इथेच जास्त अडकतात. मार्कलिस्टवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. एबीसी आयडी, डीईबी आयडी आधारवरून निघतो, आणि विद्यापीठात कागद लावताना दोन नावं जुळत नाहीत. मग ऍडमिशनच्या शेवटच्या दिवशी धावपळ, नेट कॅफेवाला म्हणतो होत नाही, आणि बाई घरी परत. हे होऊ द्यायचं नसेल तर आत्ताच विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा, ग्रामपंचायतीत नोंद असेल तर तिथून मिळतो, नसेल तर नोंद करून घ्या. गरज लागली तर राजपत्रात नाव बदलाची नोंद करता येते, अर्ज ऑनलाइन होतो. आणि अभ्यासकेंद्रावर जाऊन स्पष्ट विचारा की मला ऍडमिशन कुठल्या नावाने मिळेल, पदवीवर कुठलं नाव येईल. जे नाव ठरेल तेच शेवटपर्यंत सगळीकडे, स्पेलिंगसकट.

तुम्ही नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून करा असं मला वाटतं. १९८९ साली ते निघालं तेच मुळी तुमच्यासारख्यांसाठी, ज्ञानगंगा घरोघरी हे त्याचं ब्रीद. पुस्तकं मराठीत, पेपर मराठीत, आणि पुस्तकं अशी लिहिलेली की शिकवायला कुणी नसलं तरी वाचून कळावं, मध्ये मध्ये स्वतःच सोडवायचे प्रश्न असतात, ते वगळू नका. इग्नूची बरीचशी पुस्तकं हिंदी-इंग्रजीत, तुम्हाला वीस वर्षांनी परत सुरुवात करताना आपली भाषा असलेली बरी. तालुक्याला केंद्र आहे का बघा, असतंच बहुतेक. गॅपचं टेन्शन घेऊ नका, वीस काय तीस वर्षांचा गॅप असला तरी चालतो, वयाची वरची अट नाही.

डोक्यात शिरेल का म्हणता. माझ्याकडे एक जण होती, वय चाळिशीचं, पहिल्या संपर्क सत्राला मागच्या बाकावर बसली. मी सगळ्यांना एक पान लिहायला दिलं, आपल्या गावाबद्दल काहीही. तिने चार ओळी लिहिल्या आणि पेन खाली ठेवून बोटं दाबत बसली. मला वाटलं सुचत नाहीये. जवळ गेले तर म्हणाली, मॅडम सुचतंय खूप, पण हात दुखतोय, सही सोडून इतक्या वर्षांत काही लिहिलंच नाही. डोक्याला काही झालेलं नव्हतं, हाताची सवय गेलेली. मग तिने काय केलं, रोज रात्री भाकरी झाल्यावर चुलीजवळच बसून एक पान लिहायचं, पुस्तकातलं बघून लिहायचं तरी चालेल, फक्त लिहायचं. तिची गृहपाठाची वही माझ्याकडे आली तेव्हा पानांच्या कडांना हळदीची बोटं उमटलेली होती, सुरुवातीला अक्षर मोठं आणि थांबत थांबत, आणि शेवटच्या विषयापर्यंत येता येता बारीक, एकसारखं, ओळीत. तीन तासांचा पेपर तिने पूर्ण तीन तास लिहिला, पुरवणी मागितली. त्या हॉलमध्ये मी सुपरव्हिजनला होते, पुरवणीला दोरा बांधताना मलाच भरून आलं.

मी हे एवढं सांगतेय कारण बाहेरून शिकणारी माणसं परीक्षेत नापास होऊन कमी गळतात, ती गळतात पहिल्या गृहपाठाला. पुस्तकं येतात, कपाटावर ठेवली जातात, सणवार येतात, पाहुणे येतात, गृहपाठाची तारीख जाते, आणि मग लाज वाटते म्हणून केंद्रावर जायचंच बंद होतं. पहिला गृहपाठ ज्याने वेळेत दिला तो सहसा शेवटपर्यंत टिकतो, हे मी बारा वर्षं बघितलंय. म्हणून सगळा अभ्यास नजरेसमोर आणू नका, पहिला गृहपाठ आणा. आणि कुणाचा तरी बघून उतरवू नका, लोक तेच करतात, विकतही मिळतात, पण मग परीक्षेत हात चालत नाही आणि डोकंही.

वेळेचं म्हणाल तर मोठीची दहावी आहे, ती अभ्यासाला बसेल तेव्हा तिच्या शेजारी बसा. वेगळा वेळ काढायला गेलात तर मिळणार नाही, बाईला घरात तो कधीच मिळत नाही. तिलाही सोबत होईल. संपर्क सत्रं साधारण रविवारी असतात, त्या दिवशीचा स्वयंपाक कोण करणार हे मिस्टरांशी आधीच बोलून घ्या, ना नाही म्हणतात ना, मग एवढं करतीलच. सत्राला जाणं चुकवू नका, तिथे अजून चार जणी भेटतात, एकमेकींचे नंबर घ्या, तारखा आणि फॉर्म त्यातूनच कळतात. कित्येकदा विद्यापीठाच्या मेसेजच्या आधी त्यांच्या ग्रुपवर बातमी असते.

आता सासूबाई. त्यांना उलट बोलू नका, त्यांनी विचारलंय ते चुकीचं नाही, त्यांच्या काळात बाईच्या शिकण्याचा घराला काही उपयोग होताना त्यांना दिसला नाही. त्यांना सांगा की अंगणवाडीत पर्यवेक्षिका व्हायचं असेल तर पदवी लागते, आणि मला ती जागा निघेल तेव्हा फॉर्म भरायचाय. मदतनीस म्हणून तुम्ही रोज जे करता, पोरांना आणायचं, आहार, सतरंज्या, ते सगळं बघून पुढे ज्या पर्यवेक्षिका होतील त्यांना अंगणवाडी खरी कळलेली असेल, असं माझं मत आहे. जागा निघेल की नाही, मिळेल की नाही हे कुणी सांगू शकत नाही, पण पदवी नसेल तर फॉर्मच भरता येणार नाही.

ऍडमिशनच्या तारखा विद्यापीठाच्या वेबसाइटवर येतात, साधारण उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर बघायला लागा. तोपर्यंत दाखल्याचं काम करा, आणि एक दोनशे पानी वही आणा. रोज एक पान. पहिल्या पानावर नाव घाला, ऍडमिशनला जे ठरेल ते.